वाडीत नेट येईपर्यंत

७ ऑक्टोबर

कंपनीच्या समुपदेशक बाई फोनवर म्हणाल्या, रोज लिहीत जा, मनात जे वाटतं ते लिही. म्हणून वही काढून बसले. काही वाटत नाही. झालं आजचं लिहून.

८ ऑक्टोबर

काल जरा जास्तच शिष्टपणा केला. वाटत नसेल तर काय घडलं ते लिही, असंही बाई म्हणाल्या होत्या. तर ते लिहिते.

फेब्रुवारीत माझा नवरा, गोरख, गेला. नवलाख उंबऱ्याच्या कारखान्यातून दुसरी पाळी संपवून मोटारसायकलवर घरी येत होता, ट्रकनं उडवलं. तळेगावची भाड्याची खोली मी सोडली आणि आमच्या मुलीला, सृष्टीला घेऊन सासूबाईंकडे वाडीत राहायला आले. दहाव्याला घाटावर सगळी भावकी म्हणाली, आता लीलाबाईचा लेक तूच. मी मान हलवली. त्या दिवशी मी सगळ्यालाच मान हलवत होते, पण ही मान हलवलेली मी पाळते आहे. आत्यांना, म्हणजे सासूबाईंना, एकटं सोडायचं नाही, एवढं एक माझं पक्कं आहे. बाकी काहीच पक्कं नाही.

वाडी लोहगडवाडीच्या पलीकडच्या अंगाला. ट्रेकवाले इथवर पोचत नाहीत, त्यामुळे मोबाइल कंपन्याही पोचत नाहीत. मी पुण्याच्या एका कंपनीचं काम घरून करते, आरोग्य विम्याचे दावे तपासायचं. रेंज फक्त पाण्याच्या टाकीवर येते. सकाळी टाकीच्या जिन्यात लॅपटॉप मांडीवर घेऊन बसते, दवाखान्यांचे रेकॉर्ड केलेले फोन उतरवून घेते आणि दुपारी घरी हेडफोन लावून ते ऐकते. मृत्यूचे दावे हल्ली माझ्याकडे देत नाहीत. मी तसं मागितलं नव्हतं.

आज अमृत सरांचा फोन आला. माझे वरिष्ठ, वयानं माझ्यापेक्षा लहान. म्हणाले, "सारिका, मीटिंगमध्ये तुम्ही अर्ध्या वाक्यात गायब होता. वरून विचारणा होतेय. नोव्हेंबरअखेर घरी पक्कं नेट दाखवा. कॅमेरा लावून कॉल टिकला पाहिजे. नाहीतर तुम्हाला हिंजवडीला ऑफिसात यावं लागेल."

हिंजवडीला जायचं म्हणजे वाडी सोडायची. म्हणजे आत्या एकट्या. तेव्हा नेट आणायचं.

१२ ऑक्टोबर

दसरा. वर्ष व्हायचं आहे, म्हणून घरात सण नाही. सृष्टी मैत्रिणींबरोबर सोनं वाटायला गेली. आत्यांनी गाय धुतली. मी क्लेम तपासले.

१५ ऑक्टोबर

लोणावळ्याहून जावेद आला. भुशीकडच्या बंगल्यांना, हॉटेलांना नेट जोडून देतो. बोलायला तरतरीत माणूस. चहा घ्यायच्या आतच म्हणाला, "ताई, एवढ्या घरांसाठी डोंगरातून केबल कोणी आणणार नाही, ते डोक्यातून काढून टाका. पण समोरच्या सोंडेवर फार्महाउस आहे ना, तिथं माझी डिश आहे. तुमच्या घरावर दुसरी डिश लावतो. दोन्ही डिशांची नजरानजर झाली की झालं काम."

"म्हंजी लग्नाआदीच बघायचा कार्यक्रम," आत्या म्हणाल्या. जावेद खो खो हसला. आत्या विनोद करतात हे मी विसरले होते.

तो कौलांवर चढला, दुर्बीण लावून बघत बसला. खाली आला तेव्हा तोंड उतरलेलं. घर आणि फार्महाउस यांच्या मधोमध देवराई येते. देवराईतल्या बेहड्याची एक फांदी नेमकी आडवी आहे.

"एकच फांदी आहे ताई. ती काढा, दुसऱ्या दिवशी नेट देतो."

एकच फांदी. याला कसं सांगायचं? आमच्या देवराईतलं वाळकं पानसुद्धा कोणी घरी नेत नाही. सरणालासुद्धा तिथलं लाकूड घेत नाहीत. गोरखच्या वेळी लाकडं खालच्या गावातून टेम्पोनं आणली होती. पावतीवर सही मी केली होती, तेवढं आठवतं.

२० ऑक्टोबर

कोंडाजी आबांकडे गेले. देवीचं सगळं तेच बघतात. आधी वाटलं ओरडतील. ओरडले नाहीत. तंबाखू मळत म्हणाले,

"फांदी तोडायची का न्हाई, ह्ये म्या कोन सांगनार? आन तू तरी कोन? आईला इचारायचं. कौल लावू. दिवाळी हू दे, मंगळवार बगू."

"आणि देवी नाही म्हणाली तर?"

"तर न्हाई."

फार सोपा माणूस आहे. मला अशी माणसं बरी वाटतात. घरी येऊन आत्यांना सांगितलं. त्यांनी विचारलं, "आन कौल मिळाला न्हाई, तर तुला पुन्याकडं जावं लागंल?" मी म्हटलं, जावं लागेल, पण तुम्ही काळजी करू नका, मी काहीतरी करीन. त्या तांदूळ निवडत होत्या, निवडतच राहिल्या.

२६ ऑक्टोबर

आत्यांनी गाय आबांच्या घरी देऊन टाकली. मला न विचारता. "दूध काडताना हात दुकत्यात," म्हणे. काल याच हातांनी त्यांनी दिवसभर भात कापलं. म्हातारपणी माणसं लहरी होतात.

सृष्टी म्हणाली, "आई, तू दुपारी हेडफोन एकाच कानाला लाव ना." मी सांगितलं, एका कानानं नीट ऐकू येत नाही. ती थोडा वेळ उभी राहिली आणि गेली. मुलांना वाटतं आपण त्यांचंच ऐकत बसावं.

१ नोव्हेंबर

लक्ष्मीपूजन. लोणावळ्याकडच्या बाजूला आकाशात फटाके दिसत होते, आवाज येत नव्हता. आम्ही पिठलं-भात खाल्ला. शेजारून फराळाची ताटं आली. पहिल्या वर्षी दुःखाच्या घरी दुसऱ्यांनी फराळ द्यायचा असतो. चकल्या चांगल्या होत्या. चांगल्या लागल्या याचं वाईट वाटलं पाहिजे का, हे मला कळत नाही. बाईंना विचारीन.

६ नोव्हेंबर

भात झोडून, भरडून झालं. आत्यांनी नवा इंद्रायणी तांदूळ एका पोत्यात न भरता लहान लहान पिशव्यांत भरून ठेवला. का, म्हटलं, तर म्हणाल्या, "उचलायला बरं." सृष्टीसाठी गोधडी शिवताहेत. घरात गोधड्यांचा ढीग असताना.

टाकीवर असताना जावेदचा फोन आला, कौलाचं काय झालं विचारायला. मग सहज म्हणाला, "तुमच्या सासूबाईंना सांगा, माझी बहीण नुसरत तळेगावात असते, तिनं शाळेजवळच्या दोन खोल्या बघून ठेवल्यात." आत्यांना खोल्या कशाला हव्यात? भावकीतल्या कुणाच्या तरी मुलासाठी असतील. आत्यांना जगाची कामं अंगावर घ्यायची सवय आहे.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

कौल झाला. नीट लिहून ठेवते, कारण अमृत सरांना कारण द्यावं लागेल आणि ते त्यांना कसं द्यायचं हे अजून सुचलेलं नाही.

देवराईत सकाळी सगळी वाडी जमली. आत शिरताना चपला बाहेर. देवी म्हणजे तांदळा, शेंदूर लावलेला बिनचेहऱ्याचा दगड, छप्पर नाही, भिंती नाहीत. आबांनी पाणी घातलं. कौलाची रीत अशी की तगरीची दोन फुलं पाण्यानं देवीच्या दोन बाजूंना चिकटवायची आणि वाट बघायची. उजवं आधी पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. फुलं आबांनी लावायची नाहीत. ज्या घरचं मागणं, त्या घरच्या हातानं लावायची.

मी पुढे झाले, तर आत्यांनी मला मागं सारलं. "म्या लावते. माजं घर हाय."

मी शेजारीच बसले होते. उजव्या बाजूचं फूल त्यांनी फार मनापासून लावलं. नुसत्या पाण्यावर भागवलं नाही, देवीच्या अंगावरचा तेलातला शेंदूर बोटानं ओढून फुलाखाली लावला आणि डोळे मिटून कितीतरी वेळ अंगठ्यानं दाबून धरलं. ओठ हलत होते. मला वाटलं, किती आर्जवानं मागताहेत माझ्यासाठी. डावं फूल नुसतं टेकवलं. घाईत ते नीट बसलंही नाही.

आबांनी गाऱ्हाणं सुरू केलं, "आई, तुजी लेकरं हायेत, लीलाबाईची सून तुज्या बेहड्याची येक फांदी मागती..." एवढंच झालं आणि डावं फूल पडलं. गाऱ्हाणं अर्धंच राहिलं. बायकांनी चक्‌ चक्‌ केलं. उजवं फूल होतं तिथंच होतं, शेवटपर्यंत.

उतरताना आत्यांनी माझा हात धरला. त्यांची बोटं तेलानं बुळबुळीत झाली होती. म्हणाल्या, "आईनं सांगितलं. आता काय करनार तू?"

"बघू."

"बगू काय? पोरीचं बग. तितं तिची साळा व्हती, मैतरनी व्हत्या."

मी म्हटलं, तुम्हाला सोडून मी कुठंही जाणार नाही, कौल गेला खड्ड्यात. त्यांनी हात सोडला. मला वाटलं होतं रडतील. नाही रडल्या. गोरख गेल्यापासून मी त्यांना रडताना पाहिलेलं नाही. दहाव्यालाही नाही. भावकीतल्या बायका मला दगड म्हणतात, मला माहीत आहे, पण खरा दगड घरात दुसराच आहे. बरंच आहे. दोन दगड एका घरात शांत राहतात.

१३ नोव्हेंबर

आत्या पहाटे एकट्याच नारळ घेऊन देवराईत जाऊन आल्या. नवस फेडतात होकार मिळाल्यावर, नकारावर नारळ कशाचा, असं मी चेष्टेनं विचारलं. म्हणाल्या, "माफी मागायची व्हती." फांदी मागितल्याची, असं समजले.

१८ नोव्हेंबर

जावेद आला, आधी ठेवून गेलेलं डिशचं सामान न्यायला. त्यालाही वाईट वाटलं होतं. तो लघवीला म्हणून गोठ्यामागे गेला आणि तिथून ओरडायलाच लागला. "ताई! ओ ताई! इकडं या!"

गोठा घरापासून चांगला वर, बांधाच्या टोकाला आहे. गोठ्यामागे उभं राहिलं की देवराई डाव्या हाताला राहते आणि समोर फार्महाउसची टाकी लख्ख दिसते. कशाचाच अडथळा नाही. गोठ्यात वीज नाही म्हणून जावेदनं आधी तिकडे पाहिलंच नव्हतं आणि गायीच्या शेणामुतातून मागे जायचा प्रश्नच नव्हता.

आत्या दारात आल्या. "गोट्यात लाइट न्हाई."

"लागत नाही मावशी. डिश गोठ्यावर, डबी घरात. एकच वायर टाकायची, तिच्यातूनच वर करंट जातो."

"पत्रा गळतो त्याचा."

"डिशला पावसाचं काय!"

"गाय परत आनायची हाय मला."

"आत्या!" मी म्हटलं. "आत्ताच तर दिलीत ना?" त्या आत निघून गेल्या. इतकी चांगली बातमी आणि यांचं हे. जावेद माझ्याकडे बघत राहिला, त्याला काहीतरी बोलायचं होतं असं वाटलं, पण तो वायर मोजायला लागला.

मला आनंद झाला का? झाला असावा. जेवण जरा जास्त गेलं.

२१ नोव्हेंबर

नेट आलं. डबीवर हिरवा दिवा लागला. सृष्टीनं एक व्हिडिओ लावला आणि तो मध्ये कुठंही न थांबता संपला, तेव्हा वाडीतली पोरं टाळ्या वाजवत होती. आबा येऊन डबीला नमस्कार करून गेले. मी नको म्हणत होते.

आत्या आल्या नाहीत बघायला. कणकण आहे म्हणाल्या. अंग गरम नव्हतं.

२५ नोव्हेंबर

चार दिवस टाकीवर गेले नाही. दाराकडे पाठ करून भिंतीशी टेबल लावलं आहे. सकाळपासून संध्याकाळपर्यंत हेडफोन. काम भराभर होतं. अमृत सर खूश. सगळं ठरल्यासारखं होतं आहे, तरी रात्री झोपताना मोकळं काही वाटत नाही. पण ते आधीही वाटत नव्हतं, तेव्हा तो नेटचा दोष नाही.

२८ नोव्हेंबर

आज कॅमेऱ्याचा कॉल होता. आजपर्यंत टाकीवर कॅमेरा कधी लावलाच नव्हता, रेंज आवाजापुरतीही पुरत नव्हती.

पडद्यावर एका चौकटीत अमृत सर, एका चौकटीत मी. चेहरा फार दिवसांनी एवढा मोठा पाहिला, म्हणून आधी स्वतःलाच बघत राहिले. मग माझ्या खांद्यामागे दार दिसलं. दारात आत्या बसल्या होत्या. पदर तोंडात कोंबलेला, दोन्ही हातांनी उंबरा धरलेला आणि सगळं अंग हलत होतं. मला वाटलं, झटका आला. वाटायला एक क्षण लागला असेल. मग कळलं की त्या रडताहेत. माझ्या पाठीमागे, चार हातांवर.

अमृत सर काहीतरी बोलत होते. मग तेही थांबले. "सारिका, मागे कोण आहेत? बऱ्या आहेत ना त्या?"

मी हेडफोन काढला. तो आवाज मी या घरात कधी ऐकलाच नव्हता. पदरातून येणारा, दाबलेला, पण काय सांगू, घर भरून राहिला होता.

वळले तर त्यांनी पदर खाली घेतला आणि चेहरा एकदम कोरडा केला. इतका पटकन, की सवय असल्याशिवाय जमणार नाही. सृष्टीला सुट्टी होती, ती चुलीपाशी गृहपाठ करत होती. वर न बघता म्हणाली, "आजी रोज रडते, आई. तू कानाला लावलंस की."

मी जाऊन समोर बसले. "आत्या, मला का नाही सांगितलं?"

"काय सांगू? तू अशी कोरडी ठक्क. मला वाटायचं, म्या सुटले तर तू फुटशील. पोरीला मग कोन हाय?" आणि मग, माझ्याकडे न बघता, "माजा ल्योक गेला गं. मला पोटभर रडायचंय. तुज्यासमूर येत न्हाई मला. तू जा. तू पोरीला घिऊन हितनं जा, म्हंजी मला रडता यील."

मी तुमच्यासाठी इथं राहिले, असं म्हणाले. ओरडूनच म्हणाले बहुतेक.

"म्या कुटं म्हनले व्हते?"

खरंच, त्या नव्हत्या म्हणाल्या. घाटावर भावकी म्हणाली होती.

मला राग आला. इतका, की तांब्या उचलून भिंतीवर मारला. सृष्टी दचकली. मग मीच तांब्या उचलून जागेवर ठेवला, त्याला पोचा पडला आहे. नऊ महिन्यांत पहिल्यांदा काहीतरी आलं आणि ते हे आलं. टेबलावरच्या हेडफोनमधून अमृत सरांचा आवाज येत होता, "सारिका? आवाज येतोय ना?" कॉल चालूच होता. पूर्ण वेळ चालू होता. टिकला.

२ डिसेंबर

परीक्षेत पास. कायम घरून काम करायला परवानगी मिळाली, लाइन उत्तम आहे असा शेराही आहे. मी अमृत सरांना कळवलं की जानेवारीपासून ऑफिसात येते.

"अहो, मग एवढा खटाटोप कशाला केलात?"

मी म्हटलं, करून बघितल्याशिवाय कळलं नसतं. कॅमेऱ्याच्या कॉलपासून ते माझ्याशी जरा हळू आवाजात बोलतात.

आत्यांना सांगितलं तेव्हा त्या हूं म्हणाल्या आणि आतून तांदळाच्या पिशव्या आणून ओळीनं दारात मांडल्या. एवढी तयारी कधी केलीत, असं मी विचारलं नाही. विचारायचं सुचलं नाही.

५ जानेवारी, तळेगाव

नुसरतनं बघून ठेवलेल्या दोन खोल्यांपैकी एकीत सामान लावलं. सृष्टीला जुन्या शाळेत परत घेतलं. गोरखचे बूट आणले आहेत, कपाटाखाली ठेवले. वाडीतलं नेट बंद करू नका, असं जावेदला सांगितलं आहे. त्यानं आत्यांना एक फोन देऊन हिरव्या बटणावर बोट कसं ठेवायचं ते शिकवलं. वाडीतली चार घरंही आता त्याच डिशवर जोडली आहेत.

९ जानेवारी

आत्या रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल करतात. फोन नीट धरत नाहीत, त्यामुळे कपाळ आणि वरचे वासेच दिसतात. जेवलीस का, सृष्टी जेवली का, आबांची गाय व्यायली. संपलं. मीही विचारते, जेवलात का. त्याही जेवलेल्या असतात.

१४ जानेवारी

संक्रांत. सण नाहीच. सृष्टी नुसरतकडे खेळायला गेली होती. आत्यांचा कॉल आला. आज फोन कशाला तरी टेकवून ठेवला होता, पूर्ण चेहरा दिसत होता.

जेवलीस का विचारलं. मी हो म्हटलं. मग त्यांचं तोंड वाकडं झालं आणि पदर वर गेला. पदर मध्येच थांबला. त्यांनी तो खाली घेतला आणि माझ्याकडे बघत, उघड्या तोंडानं, गोरखचं नाव घेऊन रडायला लागल्या.

मला काय करावं कळेना. पुसायला हात पोचत नव्हता, पाणी द्यायला जाता येत नव्हतं. नुसतं बघत बसले. मग माझ्या हनुवटीवरून काहीतरी ओघळलं. आधी कळलंच नाही की हे माझं आहे. नंतर मग थांबेचना. आवाज कसला निघत होता कोण जाणे, शेजारच्या खोलीतला टीव्ही कोणीतरी बारीक केला.

आत्या एकदम थांबल्या. मी आता तोंड झाकून आवाज दाबून धरला होता, हलत नव्हते, म्हणून त्यांना वाटलं चित्र अडकलं. फोनच्या अगदी जवळ येऊन म्हणाल्या, "सारिके? गेलं का गं नेट?"

"नाही आत्या," मी म्हटलं. "आहे. रडा."